पंपाच्या डोक्यावरचा डबा: व्हीपी४४ चं कंट्रोल युनिट एका पंपावरून दुसऱ्यावर घेताना

टेबलावर डिझेल इंजिनाचे दोन इंजेक्शन पंप पडलेत. एकाचा शाफ्ट जाम आहे, पण वरचं इलेक्ट्रॉनिक्स चालू आहे. दुसऱ्याचं मेकॅनिकल अंग ठणठणीत, फक्त वरचा डबा मेलाय. मग याचा डबा काढून त्याला लावला की दोन मेलेल्यांतून एक जिवंत पंप तयार, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. डबा बसला, इंजिन सुरूसुद्धा झालं आणि आयडलला असं हलायला लागलं की बोनेटवर ठेवलेला पाना सरकत सरकत खाली पडला.

हा लेख प्रामुख्याने बॉशच्या व्हीपी४४ या रेडियल पिस्टन वितरक पंपाबद्दल आहे, म्हणजे दाबाखालचं डिझेल सगळ्या सिलिंडरांच्या नोझलांना वाटून देणाऱ्या पंपाबद्दल. हा पंप १९९६ मध्ये आला. ओपेलची दोन लिटरची डिझेल इंजिनं, सुरुवातीची बीएमडब्ल्यू ३२०डी, ऑडीचं अडीच लिटर व्ही६ टीडीआय, १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या डॉज रॅममधलं ५.९ लिटर कमिन्स, अशा बऱ्याच गाड्यांत तो बसला. त्याचा अक्षीय पिस्टनचा भाऊ व्हीपी३० यालाही यातलं बरंच लागू पडतं. आधीचा व्हीपी३७ मात्र वेगळ्या जातीचा. त्याच्या वरच्या भागात कंट्रोल युनिट नसतंच, इंधन मोजणारा अ‍ॅक्च्युएटर असतो. तो वरचा भाग मिलिमीटरच्या अंशाएवढा सरकला तरी इंधनाचं प्रमाण बदलतं. त्यामुळे व्हीपी३७ समोर असेल तर इथलं वाचून त्याचे स्क्रू ढिले करू नका.

डब्यात नक्की असतं काय

बॉशच्या भाषेत या डब्याला पीएसजी म्हणतात. जर्मनमधल्या 'पंप कंट्रोल युनिट'चं ते लघुरूप. चार सिलिंडरच्या आणि सहा सिलिंडरच्या जुन्या पंपांवर पीएसजी५ असतो आणि इंजिनाचा ईसीयू (इंजिनाचा मुख्य कॉम्प्युटर) गाडीत वेगळा असतो. पुढच्या काही पंपांवर पीएसजी१६ आला. त्यात इंजिनाचा ईसीयू आणि पंपाचं युनिट एकाच डब्यात आहेत. पीएसजी१६ वर अनेक पिनांचा मोठा कनेक्टर असतो, पीएसजी५ वर नऊ पिनांचा लहान. तुमच्यासमोर कुठला आहे हे आधी ओळखा. पीएसजी१६ बदलणं म्हणजे इंजिनाचा ईसीयूच बदलणं, आणि त्याचा सगळा कुटाणा वेगळा.

पीएसजी५ चं काम असं चालतं. इंजिनाचा ईसीयू कॅन बसवरून (गाडीतल्या कंट्रोल युनिट्सना एकमेकांशी बोलू देणाऱ्या दोन तारांच्या जोडीवरून) सांगतो, 'या स्ट्रोकला इतकं इंधन, अमुक अंशाला सुरुवात.' पंपाच्या आत शाफ्टवर बारीक दात्यांचं चाक असतं आणि त्यात सिलिंडरांच्या संख्येइतक्या मोकळ्या जागा ठेवलेल्या असतात. कोनाचा सेन्सर ते दाते वाचतो आणि एका लवचिक पातळ फिल्ममधून डब्याला कळवतो. डबा ठरलेल्या कोनाला हाय प्रेशर सोलेनॉइड व्हॉल्व्ह बंद करतो. व्हॉल्व्ह बंद आहे तोवर दाब चढतो आणि नोझल फवारतं. उघडला की फवारा थांबतो. म्हणजे इंधन किती गेलं हे व्हॉल्व्ह किती अंश बंद राहिला यावर ठरतं.

किती अंश बंद ठेवला म्हणजे किती घन मिलिमीटर डिझेल जाईल, हे मात्र प्रत्येक पंपाचं वेगळं असतं. प्लंजरमधली फट, व्हॉल्व्हची चपळाई, कॅमची झीज, सगळं थोडं थोडं निराळं. म्हणून कारखान्यात प्रत्येक पंप टेस्ट बेंचवर फिरवतात, तो खरोखर किती इंधन देतो ते मोजतात आणि तो नकाशा त्याच पंपाच्या डब्यात लिहून ठेवतात. डब्यात त्या एका पंपाची कुंडली असते म्हणा. डबा उचलून दुसऱ्या पंपावर ठेवला की एकाची कुंडली दुसऱ्याच्या नावावर चढली.

आयडलला एका स्ट्रोकला जेमतेम पाच-सात घन मिलिमीटर इंधन जातं. तिथे एका घन मिलिमीटरची चूक म्हणजे पंधरा-वीस टक्के. फुल लोडला पन्नासात एक कमी-जास्त झालं तर ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. म्हणून अशा अदलाबदलीचा दोष आधी आयडलला दिसतो आणि रस्त्यावर गाडी 'बरी चालतेय' असं वाटत राहतं.

खरंच डबाच गेलाय का

निम्म्या वेळा गेलेला नसतो. एका गॅरेजने मला 'पंप संपला, बदलावा लागेल' असं सांगितलं होतं. पंप उतरवण्याआधी मी सहज प्लगचा अर्थ तपासला. तार चेसिसला जिथे बोल्टने बसते, तिथे हिरवट पूड जमली होती. ती घासून काढली, बोल्ट आवळला आणि पुढे तो पंप चालतच राहिला.

डब्याच्या खऱ्या दुखण्याची खूण ठरलेली आहे. गाडी गार असताना सुरू होते, तापली की चालता चालता बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच झालं नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. हळूहळू हा अर्धा तास वाढत जातो आणि एक दिवस ती कायमची बसते. सोलेनॉइड चालवणारा पॉवर ट्रान्झिस्टर दर फवाऱ्याला दहा-वीस अँपियरच्या घरातला करंट चालू-बंद करत असतो. त्याला थंड ठेवतं ते पंपातून वाहणारं डिझेल. ही उष्णता वर्षानुवर्षं खाऊन तो ट्रान्झिस्टर किंवा त्याच्या बारीक बाँड वायरी हार मानतात. तापून बंद पडलेल्या इंजिनावर गार पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं फक्त डब्याच्या झाकणावर पाच मिनिटं ठेवा. कनेक्टरवर पाणी जाऊ देऊ नका. फडकं ठेवल्यावर गाडी एका सेल्फला उठली तर संशय पक्का झाला असं समजा.

स्कॅनरवर कमिन्समध्ये पी१६८८ म्हणजे पंपाच्या कंट्रोलरचा अंतर्गत बिघाड आणि पी१६८९ म्हणजे कंट्रोलरशी संपर्कच नाही. पी०२१६ टायमिंगच्या सर्किटचा कोड आहे. त्याच्यामागे बहुतेकदा टायमिंग पिस्टनची, म्हणजे फवाऱ्याची वेळ पुढे-मागे करणाऱ्या पिस्टनची, झीज असते, आणि ती डबा बदलून जात नाही. बरेच लोक या कोडवर डबा विकत घेतात आणि तो कोड आठवड्याभरात परत येतो. पी०२५१ (पंपातल्या इंधन व्हॉल्व्हच्या दोषाचा कोड) दिसला की मेकॅनिकल बाजू आधी बघा.

संपर्क नसल्याचा कोड दिसला तरी एकदम पंपावर जाऊ नका. पंपाला वीज बहुतेक गाड्यांत स्वतंत्र रिलेतून येते, आणि जळालेला रिले मेलेल्या डब्याची हुबेहूब नक्कल करतो. मल्टीमीटर लावून नुसते १२ व्होल्ट बघण्यात अर्थ नाही. कुजलेली तारसुद्धा लोड नसताना १२ व्होल्ट दाखवते. एक जण सेल्फ मारत असताना दुसऱ्याने बॅटरीचा प्लस आणि पंपाच्या प्लगचा प्लस यांमधली घट मोजावी, मग बॅटरीचा मायनस आणि प्लगचा अर्थ यांमधली. अर्ध्या व्होल्टच्या वर गेली तर दोष तारेत आहे. बॅटरी सोडवून कॅनच्या दोन तारांमधला रेझिस्टन्सही बघा. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर असलेल्या जोडीत तो साठ ओहमच्या जवळ यायला हवा. एका बाजूचा रेझिस्टर सुटला तर १२० येतो, तारा एकमेकींना लागल्या तर शून्याकडे जातो.

शेवटची परीक्षा इंधनाची. पंप उपाशी असेल तर कुठलाही डबा लावा, काही उपयोग नाही.

मग पर्याय काय, आणि मी कुठला निवडेन

डबा खरंच मेलाय हे ठरलं की तीन रस्ते उरतात, आणि अदलाबदल हा माझा दुसरा पर्याय. पहिला म्हणजे त्याच डब्याची दुरुस्ती. ट्रान्झिस्टर आणि बाँड वायरी नव्याने बसवणारे लोक आहेत. आतला प्रोसेसर आणि मेमरी शाबूत असेल तर पंपाची कुंडली, इमोबिलायझरचा (चोरी रोखायला चावी ओळखणाऱ्या यंत्रणेचा) कोड, सगळं जागच्या जागी राहतं आणि आयडलची कटकट होत नाही. हे काम घरी सोल्डरिंग आयर्न घेऊन करायचं नाही. आत सिरॅमिक पाटीवर केसाएवढ्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरी आहेत आणि त्यावर पारदर्शक जेल आहे. जेलमध्ये बोट घातलंत की त्या तुटल्याच.

दुसऱ्या पंपाचा डबा लावायचाच असेल तर मूळ डब्यातला डेटा वाचून त्यात उतरवता येतो का ते आधी बघा. डेटा उतरला तर अदलाबदल जवळपास मूळ दुरुस्तीइतकीच चांगली. नुसता डबा उचलून लावणं हे निदानासाठी किंवा गाडी हलवण्यापुरतं ठीक आहे. तिसरा रस्ता अख्खा जुळणारा पंप बसवण्याचा, आणि तो महाग असला तरी काही वेळा सगळ्यात शहाणपणाचा असतो.

जुळणारा डबा कसा ओळखायचा

पंपाच्या प्लेटवरचा बॉश नंबर पूर्ण लिहून घ्या, फोटोही काढा. ०४७०५०४ ने सुरू होणारे चार सिलिंडरचे व्हीपी४४, ०४७०५०६ ने सुरू होणारे सहा सिलिंडरचे. पुढचे तीन आकडे गाडीची आणि आवृत्तीची ओळख देतात. चारचा डबा सहाच्या पंपावर चालणार नाही, कारण दात्यांच्या चाकावरच्या मोकळ्या जागाच वेगळ्या. माझ्या त्या हलणाऱ्या इंजिनात सिलिंडर जुळले होते, डबे दिसायला जुळे होते, प्लगही तोच होता. शेवटचे तीन आकडे मात्र वेगळे होते. दुकानदार म्हणाला, 'चालतो', आणि मी मान डोलावली.

डबा देणारा पंप का काढला गेला हेही विचारा. मोडीतून आलेल्या पंपांमध्ये नेमका याच आजाराने गेलेला डबा मिळण्याची शक्यता चांगलीच असते. अपघातात गेलेल्या गाडीचा पंप त्यातल्या त्यात भरवशाचा.

इमोबिलायझर हा वेगळा विषय. काही गाड्यांत चावीच्या कोडची साखळी पंपाच्या डब्यापर्यंत पोचते. परका डबा लावला की इंजिन क्षणभर घेऊन बंद पडतं, किंवा सेल्फ फिरतो पण डिझेल सुटत नाही आणि इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतो. म्हणून इग्निशन ऑन करण्याच्या आधी ठरवा की हा कोड कोण जुळवणार आहे, कुठल्या टूलने.

प्रत्यक्ष काढणं आणि बसवणं

पंप इंजिनावरच ठेवून डबा काढता आला तर उत्तम, टायमिंगला धक्का लागत नाही. बऱ्याच गाड्यांत हात पोचत नाही आणि पंप उतरवावाच लागतो. तसं असेल तर इंजिन पहिल्या सिलिंडरच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या स्थितीला) आणून पिन लावा आणि पंपाचा शाफ्ट त्याच्या लॉकिंग बोल्टने पकडा. परत बसवताना तो बोल्ट सोडायला विसरू नका. शाफ्ट लॉक असताना सेल्फ मारला तर पंप आणि टायमिंग ड्राइव्ह दोन्हींचा सत्यानाश होतो. कमिन्सवर शाफ्टच्या चावीवर एक नंबर असतो आणि तो पंपाच्या प्लेटवरच्या नंबरशी जुळावा लागतो. अख्खा पंप बदलणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं.

बॅटरीचा मायनस काढा. पंपाभोवतीची सगळी घाण ब्रश आणि ब्रेक क्लीनरने काढा, मग हवा मारा. प्रेशर वॉशर नको, त्याचं पाणी नेमकं कनेक्टरमध्ये जातं. वाळूचा एक कण आत गेला तर सोलेनॉइडची सुई अडकते, आणि मग निमित्त डब्याचं आणि मरण पंपाचं. पाइपच्या सैल केलेल्या प्रत्येक जोडाला लगेच टोपी घाला. मनगटाला अँटीस्टॅटिक पट्टा बांधा आणि तो पंपाच्या बॉडीला जोडा.

डबा स्टार बिटच्या लहान स्क्रूंनी बसलेला असतो. स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये असल्यामुळे बिट पूर्ण खोल बसवा, एकदा टिचकीसारखा हलका ठोका द्या आणि मग फिरवा. डोकं घासलं गेलं तर पुढचा अर्धा दिवस ड्रिल घेऊन बसायचं. डब्याचे जोड तीन दिशांना जातात: हाय प्रेशर सोलेनॉइडकडे, टायमिंगच्या सोलेनॉइडकडे आणि कोनाच्या सेन्सरकडे. प्रत्येक जोडाचा सोडवण्याआधी एक आणि सोडवल्यावर एक फोटो घ्या.

इथे घाई झाली तर काय होतं ते मी एका जुन्या पंपावर पाहिलंय. स्क्रू निघाले, मी डब्याचं झाकण उचलावं तसा डबा वर उचलला. खालून सेन्सरची फिल्म ताणली गेली आणि 'टिक' असा बारीक आवाज आला. कागदाएवढी जाड, तांबूस पट्टी, तिच्यात दिसेल न दिसेल अशी एक आडवी चीर. डबा चांगला होता, पंप चांगला होता, पण सेन्सर गेला. म्हणून डबा आधी बोटभरच वर घ्या, खाली आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा घालून फिल्म कुठे जाते ते बघा, जोड सुटा करा आणि मगच उचला. ज्या पंपात फिल्म सेन्सरसकट डब्याशी बांधलेली आहे आणि पंप उघडल्याशिवाय सेन्सर निघत नाही, तिथे थांबा. ते काम पंपाच्या वर्कशॉपमधल्या स्वच्छ टेबलावरचं आहे.

फिल्म ज्या भोकातून वर येते तिथे आतलं डिझेल अडवणारी सील असते. ती दर वेळी नवीनच घाला. जुनी सील 'दिसायला चांगली' असते, पण तिचा आकार बसलेला असतो, आणि तिथून झिरपलेलं डिझेल सरळ डब्याखाली जातं. डब्याची खालची बाजू आणि पंपाचा माथा स्पिरिटने पुसून कोरडे करा. डब्याची उष्णता याच पृष्ठभागातून पंपात उतरते, त्यामुळे मध्ये सिलिकॉन सीलंटचा थर लावायचा मोह आवरा. सगळे जोड लावून झाले की डबा हाताने सपाट बसला पाहिजे. बसत नसेल तर खाली काहीतरी चिमटलं जातंय. स्क्रू आधी सगळे बोटाने लावा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा.

हवा काढणं आणि पहिला सेल्फ

कोरड्या पंपाला फिरवू नका. फिल्टर डिझेलने भरा. लिफ्ट पंप (टाकीतून डिझेल ढकलणारा पंप) असेल तर तो चालवून आणि नसेल तर हातपंपाने, परतीच्या नळीतून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल ओढा. मग दोन-तीन नोझलच्या पाइपचे नट एक चक्कर ढिले करून सेल्फ मारा. डिझेल ठिबकायला लागलं की नट आवळा. सेल्फ सलग अर्ध्या मिनिटाहून जास्त नको, मधे दोन मिनिटांची विश्रांती द्या. इंजिन सुरू झाल्यावर पाइप ढिला करायचा नाही. गळती शोधायला पुठ्ठा वापरा, हात नाही. या दाबाची धार कातडीतून आत शिरते, वरून फक्त सुई टोचल्यासारखं दिसतं, आणि तशी टोचली तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं.

सुरू झाल्यावर

पहिल्यांदा धूर आणि खडखड होणारच, उरलेली हवा निघायची असते. दहा मिनिटं चालू द्या, मग स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडा. आयडलला ईसीयू किती इंधन मागतोय ते बघा. तेच इंजिन पूर्वी जेवढं मागत होतं त्याच्या खूप कमी मागत असेल, तर नव्या डब्याचा नकाशा पंपाला जास्त डिझेल देतोय आणि ईसीयू मागणी कमी करून सांभाळून घेतोय. उलट असेल तर पंप कमी देतोय. जास्त देणारी जोडी धोक्याची. आयडलला ईसीयू सावरतो, पण चढावर लोडखाली आकड्यापेक्षा जास्त डिझेल जातं, काळा धूर येतो आणि एक्झॉस्टचं तापमान पिस्टन आणि टर्बोला मानवत नाही. अशी गाडी रोजच्या वापरात ठेवू नका. पंप डब्यासकट टेस्ट बेंचवर न्या आणि नकाशा नव्याने लिहून घ्या.

टायमिंगचा मागितलेला आणि प्रत्यक्ष कोन यांतला फरकही बघा. डबा नवा आणि फरक सतत मोठा, तर टायमिंग पिस्टन किंवा त्याचा सोलेनॉइड संशयात. कॅलिब्रेशनवर पैसे घालण्याआधी हे कळलेलं बरं.

जुना डबा फेकू नका. त्यावर पंपाचा नंबर आणि गाडीचं नाव मार्करने लिहून अँटीस्टॅटिक पिशवीत ठेवा. त्या पंपाचा मूळ नकाशा जगात फक्त त्यातच आहे, आणि उद्या तो दुरुस्त करायचा किंवा त्यातून डेटा काढायचा तर तोच लागणार.

शेवटी पहिला डबा का मेला ते शोधायचं राहतं. कमिन्सवर लिफ्ट पंप आणि व्हीपी४४ यांच्या मध्ये गेज लावून लोडखाली दाब बघा. दहा पीएसआयच्या खाली जात असेल तर लिफ्ट पंप किंवा फिल्टर आधी बदला. लिफ्ट पंप नसलेल्या, स्वतः टाकीतून ओढणाऱ्या गाड्यांत फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये दोन-तीन दिवस पारदर्शक नळी घाला. सकाळच्या पहिल्या सेल्फला तिच्यात बुडबुड्यांची माळ दिसली, तर नव्या डब्यालाही तीच हवा आणि तीच उष्णता खायची आहे. टाकीपासून एकेक क्लिप तपासत या.